दाराकडे पाठ

धैर्य हा अग्निशामकाचा पहिला दागिना आहे, असं जगातल्या प्रत्येक अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर कुठल्या ना कुठल्या लिपीत लिहिलेलं असावं. मी ते इंग्रजीत वाचलं आहे, जपानीत वाचलं आहे, आणि मराठीत तर रंगीत खडूनं लिहून खाली झेंडूची दोन फुलं काढलेलं वाचलं आहे. माझ्या ओळखीचे एकुलते एक अग्निशामक मात्र प्रेशर कुकरला घाबरत.

त्यांचं नाव वामन घरत. योकोहामाच्या बंदराजवळच्या वसाहतीत मी राहत होतो तेव्हा ते माझ्या खालच्या मजल्यावर राहत. उंची सहा फूट, खांदे दाराएवढे, मिशा अशा की कोपऱ्यावरचा पोलीसही आधी त्यांनाच वाकून नमस्कार करी. त्यांच्या बायकोनं, मेधानं, कुकर चढवला की हा गृहस्थ उठून गॅलरीत जाई आणि कठड्याला धरून बंदराकडे बघत उभा राही. दहा वर्षांची ईशा स्वयंपाकघरातून शिट्ट्या मोजायची, जपानीत. शेवटची शिट्टी झाली की ती ओरडे, "ओतोसान, ओवात्ता यो," म्हणजे बाबा, संपलं. मग ते आत येत आणि काहीच न घडल्यासारखे पेपर उचलत.

"आमचं फायर ब्रिगेड परत आलं," मेधा म्हणायची.

"व्हॉल्व्ह उडाला म्हणजे कळेल," घरत म्हणायचे.

व्हॉल्व्ह कधी उडाला नाही. घरतांनी भाकीत केलेल्या संकटांपैकी फार थोडी घडली, हे मी त्यांच्यावरच्या प्रेमाखातरही लपवणार नाही. एकदा महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला त्यांनी काहीतरी जळल्याचा वास येतो म्हणून सगळ्या सभागृहाला जिन्यानं खाली उतरवलं. दूध लागलं होतं. अध्यक्षांचं भाषण अर्ध्यावर तुटलं, त्यामुळे मंडळातल्या बऱ्याच लोकांच्या मनात घरतांविषयी कायमची कृतज्ञता आहे.

त्यांची एक लकब होती. कुठल्याही बंद दारासमोर आले की उघडण्याआधी ते हाताची मागची बाजू दाराला लावत. आधी खाली, मग वर, मग दाराच्या मुठीजवळ. दार तापलेलं असेल तर पलीकडे आग आहे आणि ते उघडायचं नाही. तळहात लावायचा नाही, कारण तो भाजला तर पुढं काहीच धरता येत नाही. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, लिफ्टसमोर, सांगितलं. लिफ्टचं दार ते तपासत. कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, स्वच्छतागृहाचं तपासत. माझ्या घराची बेल वाजण्याआधी बाहेर क्षणभर पायरव थांबे. त्या क्षणात घरत माझं दार तपासत असत.

दुसरी लकब रुमालाची. त्यांच्या तळव्यांना बारा महिने घाम यायचा. डाव्या मुठीत कायम एक रुमाल असे आणि संध्याकाळपर्यंत तो पिळण्याजोगा होई. जपानमध्ये हात मिळवायची पद्धत नाही, ही त्यांना या देशाची सर्वांत मोठी सांस्कृतिक कामगिरी वाटे.

हा माणूस रसायनीकडच्या एका कारखान्याच्या अग्निशमन पथकात चौदा वर्षं होता आणि त्याला तिथं सगळ्यांत भरवशाचा समजत. मी एकदा न राहवून विचारलं, "घरत, तुम्ही इतके घाबरता, मग आगीत कसे जात होता?"

"घाबरत जात होतो," ते म्हणाले. "शहाणा माणूस आधी घाबरतो, मग धावतो. वेडा आधी धावतो."

"आणि मग घाबरतो?"

"मग त्याला वेळ मिळत नाही."

हे सुभाषित नव्हतं. त्यामागं म्हात्रे नावाचा एक माणूस होता. एका दुपारी कारखान्यात सॉल्व्हंटच्या शेडमध्ये धूर दिसला. घरत आणि म्हात्रे दाराशी पोचले. अधिकाऱ्यानं मागून ओरडून आत जायला सांगितलं. घरतांनी हाताची मागची बाजू दाराला लावली आणि ते तिथंच थांबले. म्हात्रेंनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. ते शूर होते.

"म्हात्रेचा फोटो आहे कारखान्याच्या गेटवर," घरत म्हणाले. "दर वर्षी हार घालतात."

थोड्या वेळानं म्हणाले, "माझा नाही."

एवढं बोलून त्यांनी रुमालाची घडी उलटी केली. मी हा विषय पुन्हा काढला नाही. पण तेव्हापासून दाराला हात लावताना ते दिसले की हसायचं मी बंद केलं.

मेधाला योकोहामात एका बँकेच्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर काम मिळालं, आणि घरत नोकरी सोडून तिच्यामागून आले. त्यांचा व्हिसा बायकोच्या व्हिसाला टाचलेला होता. आठवड्याला ठरावीक तासांपेक्षा जास्त काम करायची परवानगी नव्हती. ते एका कोंबिनीत जेवणाच्या डब्यांवर लेबलं लावत. 'बायतो' हा अर्धवेळ नोकरीसाठीचा जपानी शब्द ते असा उच्चारत की तो एखादा चिवट आजार वाटे.

आल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आमच्या भागातल्या स्वयंसेवक अग्निशमन पथकात नाव द्यायचं ठरवलं. या पथकात वाणी, न्हावी, बँकेतले निवृत्त लोक असे सगळे असतात. गणवेश मिळतो, सराव होतो, आणि सरावानंतर बिअर. घरतांनी चौदा वर्षांची प्रमाणपत्रं नेली. पथकप्रमुखांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कौतुकानं पाहिली, तोंडानं हवा आत ओढली आणि म्हणाले, "राष्ट्रीयत्वाचा मुद्दा जरा..."

जपानीत 'जरा' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की नकार पूर्ण होतो. आगीच्या वेळी दुसऱ्याच्या घराचं दार फोडणं हा सार्वजनिक अधिकाराचा वापर आहे आणि तो नागरिकानंच करायचा असतो, असं नंतर मला समजावून सांगण्यात आलं. दुसऱ्याचं दार न फोडण्याबद्दल घरतांइतकी काळजी घेणारा माणूस त्यांना मिळाला नसता, पण हा मुद्दा कुठं मांडायचा ते कळलं नाही.

मग बंदरातल्या एका कंपनीची जाहिरात आली. रसायनांच्या टाक्या भाड्यानं देणारी कंपनी, मालकी परदेशी, कारभार जपानी. अशा ठिकाणी कायद्यानं स्वतःचं अग्निशमन पथक ठेवावं लागतं. त्यात एक अर्धवेळ जागा होती. तास परवानगीत बसत होते, आणि राष्ट्रीयत्वाची अट नव्हती. घरतांची मुलाखत झाली. पथकाच्या म्होरक्यानं त्यांना होजची गुंडाळी उलगडायला लावली आणि बघून म्हणाला, "सोमवारपासून आलात तरी चालेल." त्या दिवशी घरतांनी घरात कुकर चालू असताना संपूर्ण पेपर वाचला. मेधानं मला मुद्दाम फोन करून हे सांगितलं.

सोमवारच्या आधी शुक्रवार आला आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या मोरिता-सान यांचा फोन आला. मोरिता-सान या अतिशय सौम्य आवाजाच्या बाई. आवाज इतका सौम्य की बाईंनी काय काढून घेतलं ते माणसाला घरी गेल्यावर कळावं. आदल्या वर्षी कंपनीच्या कचऱ्याच्या शेडमध्ये लहानशी आग लागली होती. कारण सापडलं नव्हतं. परदेशातल्या मुख्यालयानं हुकूम काढला होता की यापुढं अग्निशमन पथकात येणाऱ्याची पॉलिग्राफवर सचोटीची तपासणी व्हावी.

मी भाषांतराचं काम करत असे, म्हणून घरतांनी मला बरोबर नेलं. मी मोरिता-सानना विचारलं, "ही तपासणी पथकातल्या सगळ्यांची झाली आहे का?"

"जे दीर्घकाळ परदेशात राहिले आहेत, त्यांची," त्या म्हणाल्या.

"असे पथकात किती जण आहेत?"

"गारातो-सान येत आहेत ना," त्या आनंदानं म्हणाल्या. घरत या नावाचं जपानी जिभेवर गारातो होतं.

"आणि जपानी उमेदवार?"

"त्यांची पार्श्वभूमी आपल्याला समजते. शिवाय अशा यंत्राला बसवणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल." इथं त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं, कारण त्यांनी लगेच चहा मागवला. "अर्थात हे संपूर्ण ऐच्छिक आहे. इच्छा नसलेल्यांचा विचार होत नाही, एवढंच."

बाहेर पडल्यावर घरतांनी मला रस्त्यात थांबवलं. चेहरा उतरला होता.

"भाऊ, आमचा कायम वास्तव्याचा अर्ज पडलाय इमिग्रेशनमध्ये. मेधाचं, ईशाचं, सगळ्यांचं त्यात आहे."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"यंत्र म्हणालं, हा माणूस खोटं बोलतो, तर? ते पत्र तिकडं गेलं तर? ईशाला मराठी वाचता येत नाही हो. तिला पेणला नेऊन कुठल्या शाळेत घालू?"

"मग नका देऊ परीक्षा."

"नाही दिली तर म्हणतील, का नाही दिली."

मी त्यांना म्हणालो की हे सगळं तुम्ही उगाच जोडताय. पण रस्ता ओलांडेपर्यंत माझेही तळवे ओले झाले होते. परक्या देशात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात सगळी कार्यालयं एकमेकांना आतून दारं ठेवून बांधलेली असतात.

तपासणीची खोली कंपनीच्या तळमजल्यावर होती. खिडकी नव्हती. परीक्षक कुदो-सान, पोलिसांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, बारीक, पांढऱ्या केसांचे. त्यांच्यापुढं एक लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ. घरतांनी बाहेरून दाराला हाताची मागची बाजू लावली. खाली, वर, मुठीजवळ. कुदो-साननी ते पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. घरतांनीही त्यांना लिहिताना पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर पहिला थेंब आला.

"हे दार आतून उघडतं ना?" घरतांनी मला विचारायला सांगितलं.

कुदो-साननी पुन्हा काहीतरी लिहिलं. "उघडतं. बसा."

खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. उमेदवाराला यंत्र दिसू नये, परीक्षकाचा चेहरा दिसू नये, म्हणून तशीच ठेवायची पद्धत असते. घरतांनी नम्रपणे विचारलं की खुर्ची वळवली तर चालेल का, म्हणजे दार दिसेल. पद्धतीत बसत नाही, असं उत्तर आलं. ते बसले. छातीला पट्टे, दंडाला रक्तदाबाची पट्टी, बोटांना चिमटे. बोटांचे चिमटे घसरले. कुदो-साननी कागदी रुमालानं बोटं पुसून पुन्हा लावले. पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा त्यांनी वरून चिकटपट्टी गुंडाळली.

चौदा वर्षांत या माणसानं एकाही खोलीत दाराकडे पाठ केली नव्हती. यंत्रानं त्यापुढं जे काही मोजलं ते एवढंच होतं, की घरतांच्या मागं दार आहे.

यंत्र चालू करण्याआधी सगळे प्रश्न एकदा मोठ्यानं वाचून उत्तरं ठरवून घेतात. ते तसं मला धीर देणारं वाटलं होतं.

"तुम्ही कधी मुद्दाम आग लावली आहे का? हो किंवा नाही."

मी मराठीत विचारलं.  घरत म्हणाले, "हो."

मी भाषांतर करायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं. कुदो-सानना मराठी येत नव्हतं, पण 'हो' कसा दिसतो ते त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं.

"कितीदा?"

"दर वर्षी," घरत म्हणाले.

"दर वर्षी," मी म्हणालो.

"एकट्यानं?"

"नाही, नाही. सगळं गाव असतं."

"कशासाठी?"

"पौर्णिमा असते."

मी भाषांतर करत होतो आणि मी काय बोलतोय ते मलाच ऐकू येत होतं. घाईघाईनं मी शिमगा समजावून सांगितला. हा सण आहे, होळी नावाचा मोठा जाळ करतात, त्याची पूजा होते. कुदो-सान मान डोलावत राहिले, जशी माणसं दुसऱ्याच्या देशाला डोलावतात. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. कधी दुसऱ्याची वस्तू परवानगीशिवाय घेतली आहे का?

"हो," घरत म्हणाले. "लाकडं."

"घरत," मी मराठीत दबक्या आवाजात म्हणालो, "नाही म्हणा."

"होळीची लाकडं मागून आणत नाहीत भाऊ. चोरूनच आणतात. तुमच्याकडे नाही?"

"ते होळीचं विचारत नाहीत. कुणाचं नुकसान करायला आग लावली का, एवढंच विचारतात."

"तसं लिहिलंय का?"

मी कागदाकडे पाहिलं. तसं लिहिलं नव्हतं.

"यंत्र आहे ते," घरत भिंतीला म्हणाले. "मी नाही म्हणेन आणि त्याला कळेल. मग ते पत्र इमिग्रेशनला जाईल. नको. हो लिहा."

"काय म्हणाले ते?" कुदो-साननी विचारलं.

"उत्तर हो आहे," मी म्हणालो.

"सण सोडून," कुदो-सान सावकाश म्हणाले, "आणखी कधी आग लावली आहे?"

मी हे विचारायला नको होतं असं मला वाटलं, पण दुभाष्याला असं वाटून चालत नाही.  घरतांचं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे मला फक्त मान दिसत होती, आणि कॉलरचा ओला झालेला काठ.

"वडिलांना दिली," ते म्हणाले. "मी थोरला. आईच्या वेळेला इथं होतो, तिकीट मिळालं नाही. तिला धाकट्यानं दिली."

मी ते जपानीत सांगितलं. शब्द जपून वापरले, पण जपायची गरज नव्हती. या देशातही माणसाला अग्नीच देतात. कुदो-साननी पेन खाली ठेवलं.

"आमच्या गावच्या स्मशानभूमीत बटण असतं," ते म्हणाले. "घरातल्या मोठ्यानं दाबायचं. आईच्या वेळेला मी दाबलं." मग म्हणाले, "हा प्रश्न मला कुणी विचारला नाही."

मी हे घरतांना सांगितलं. त्यांची मान हलकीशी झुकली. त्या खोलीत तेवढा एक क्षण कुणी कुणाची तपासणी करत नव्हतं.

"प्रश्न बदलता येईल का?" मी विचारलं.

"मुख्यालयातून आलेत. माझ्या हातात नाही." आणि त्यांनी पेन उचललं.

मग यंत्र चालू झालं. तुमचं नाव गारातो आहे का? घरत अडखळले आणि हो म्हणाले. आज गुरुवार आहे का? हो. तुम्ही मुद्दाम आग लावली आहे का? हो. आगीच्या ठिकाणी वरिष्ठांचा आदेश मोडला आहे का? इथं ते इतका वेळ थांबले की कुदो-साननी प्रश्न पुन्हा वाचला. "हो," घरत म्हणाले, आणि मला सॉल्व्हंटच्या शेडचं ते दार दिसलं. मागं जिन्यावर कुणाच्यातरी बुटांचा आवाज झाला. घरतांच्या खांद्यांनी तो ऐकला.

संपल्यावर घरत हात धुवायला गेले. कुदो-सान व्हरांड्यातल्या यंत्रातून दोन कॉफीचे डबे घेऊन आले आणि एक त्यांनी मला दिला.

"यंत्राला फरक लागतो," ते म्हणाले. "साध्या प्रश्नाला माणूस शांत असतो, अवघड प्रश्नाला घाबरतो. त्या फरकावरून काय ते सांगायचं. यांच्यात फरकच नाही. आज गुरुवार आहे का, यालाही तेवढेच घाबरले."

"म्हणजे ते खरं बोलले?"

"माझ्या मते इतकं खरं मी नोकरीत कधी ऐकलं नाही. पण ते माझं मत आहे. यंत्राचं मत असं, की निर्णय देता येत नाही."

"हे कंपनीबाहेर जाणार नाही ना?"

"कुठं जाणार?" ते म्हणाले.

मी हे घरतांना तीन-तीनदा सांगितलं. त्यांनी दर वेळी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही.

चार दिवसांनी मोरिता-सानचा फोन आला. निर्णय देता येत नाही, असा निकाल आहे. तक्त्यात मात्र योग्य आणि अयोग्य असे दोनच रकाने आहेत. या वेळी योग जमला नाही. गारातो-सान यांच्या उत्तम तब्येतीसाठी कंपनी मनापासून प्रार्थना करते.

"ज्या माणसाला खोटं बोलता येत नाही," मेधा म्हणाली, "त्याची खोटं पकडायची परीक्षा घेतली. आणि हे त्यात नापास."

"नापास नाही म्हणाले ते," घरत म्हणाले.

"मग पास म्हणाले का, अहो?"

त्यानंतरचे काही महिने त्या घरात भीती चौथ्या माणसासारखी राहिली. भूकंपासाठी दाराजवळ पिशवी सगळेच ठेवतात. घरतांच्या पिशवीत पासपोर्ट गेले, ईशाची प्रगतिपुस्तकं गेली, दोन किलो पोहे गेले. अनोळखी नंबर दिसला की ते फोन टेबलावर ठेवून त्याच्यापासून दूर उभे राहत. सायकलवरून पोलीस गेला की बोलणं वाक्याच्या मध्यावर थांबे. कचऱ्याच्या वर्गवारीत तर ते मुळातच काटेकोर होते, आता प्लॅस्टिकच्या बाटलीवरचा डिंकसुद्धा नखानं खरवडून काढू लागले. एक चुकीची बाटली इमिग्रेशनच्या फायलीत जाऊन बसेल अशी त्यांची खात्री होती. मी हसलो नाही. मीही त्या महिन्यांत बाटल्या धुऊ लागलो होतो.

ईशानं एकदा मला जिन्यात गाठलं. ती माझ्याशी मराठी बोलायची, पण अडलं की जपानीत जायची. "काका, बाबांनी काय केलं?"

"काही नाही. खरं बोलले."

"मग कोवाइ का?" म्हणजे भीती का वाटते.

वसंतात कायम वास्तव्याची परवानगी आली. तिघांचीही. मेधानं पुरणपोळ्या केल्या. घरतांनी ते कार्ड उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, रुमालात धरून, घामानं खराब होऊ नये म्हणून. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊ, हे परत घेऊ शकतात का?"

मी सवयीनं नियम पाहिले होते. "हो," म्हणालो.

"मग ठीक," घरत म्हणाले. ही एक गोष्ट तरी त्यांच्या अंदाजाप्रमाणे निघाली होती.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मी क्योतोला नोकरी धरली. निघायच्या आदल्या रविवारी बंदरातल्या कंपनीचा आणि आमच्या वसाहतीचा एकत्र सराव होता. भोंगे, झेंडे, महापालिकेचे पाहुणे, आणि सुरक्षितता या विषयावर सुरक्षित अंतरावरून तीन भाषणं. जखमींच्या भूमिकेसाठी रहिवाशांनी नावं द्यावीत असं आवाहन होतं. घरतांनी दिलं. मी त्यांना विचारलं नाही की का. त्या फाटकातून आत जायचा त्यांना मिळालेला तो एकच रस्ता होता.

मोरिता-सान प्रत्येक जखमीच्या गळ्यात भूमिकेचं कार्ड अडकवत होत्या. घरतांना पाहून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचार करून एक कार्ड निवडलं. त्यावर लिहिलं होतं, 'भाषा न समजणारा परदेशी. पाय मोडला आहे. घाबरलेला.'

"अभिनय करावा लागेल थोडा," त्या सौम्यपणे म्हणाल्या.

"प्रयत्न करतो," घरत स्वच्छ जपानीत म्हणाले.

पथकातले चौघे जण त्यांना स्ट्रेचरवर घालून प्रथमोपचाराच्या शेडकडे निघाले. वजन भारी होतं, एकाचा पाय सारखा घसरत होता. मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. शेडचं दार बंद होतं. पुढच्यानं मुठीकडे हात नेला, इतक्यात ब्लँकेटमधून एक मोठा हात बाहेर आला आणि त्याची मागची बाजू दाराला लागली. खाली, वर, मुठीजवळ. चौघेही थांबले. भाषणं करून बसलेले पाहुणेही थांबून पाहू लागले. दार थंड होतं. हात ब्लँकेटमध्ये परत गेला, आणि मग चौघांनी दार उघडलं.

सराव नियोजित वेळेत पार पडला. सगळे जखमी बरे झाले, आणि कंपनीनं प्रत्येकाला कंपनीचं नाव छापलेला एकेक टॉवेल भेट दिला. घरतांनी त्याला हात पुसले.